आधी लेकीला आकडा सांगा

«ताई, आमची मुलगी यंदा बारावी पूर्ण करते आहे. जन्म इथला, न्यू जर्सीचाच. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक रटगर्स या आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं बिझनेस स्कूल, न्यू ब्रन्सविक. दुसरं बॉस्टनजवळचं, फक्त बिझनेस शिकवणारं खासगी कॉलेज. तिथे वर्षाचा सगळा खर्च ८८ हजार डॉलर, त्यात त्यांनी २२ हजारांची मेरिट स्कॉलरशिप दिली आहे. रटगर्सचा खर्च राहण्याजेवणासकट ३८ हजार आणि ५ हजारांची स्कॉलरशिप. आम्हा दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ९० हजार. तिच्या कॉलेजसाठीच्या बचतीच्या ५२९ खात्यात ७० हजार साठलेत. ओढूनताणून महिन्याला दीड हजार काढता येतील. यजमान ५२ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, कर्ज काढू, वेळ पडली तर कोथरूडचा फ्लॅट विकू, धाकट्याचं नंतर बघू. धाकटा नववीत आहे. मला रात्री झोप लागत नाही. लेक म्हणते, रटगर्स म्हणजे तेरावी, अख्खी शाळाच तिकडे चालली आहे. ती तशी अबोल आहे, एवढ्या मोठ्या विद्यापीठात हरवून जाईल अशी मलाही धास्ती वाटते. गेल्या वर्षापर्यंत सायकॉलॉजी म्हणत होती, आता मार्केटिंग म्हणते. १ मेच्या आत ठरवायचं आहे. पैशांचं आम्ही तिच्याशी काही बोललेलो नाही, उगाच तिच्या मनावर दडपण नको. – एडिसनहून एक आई»

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा आकड्यांपाशी नाही, शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. तिकडे मी येणारच आहे. पण १ मे तोंडावर आला आहे, म्हणून माझं मत आधी सांगते: आज हातात असलेल्या आकड्यांवर रटगर्स. बॉस्टनच्या कॉलेजने आपला आकडा बराच खाली आणला, तरच पुन्हा विचार करा. (त्या कॉलेजचं नाव तुम्ही लिहिलं होतं, ते मी इथे गाळलं आहे.)

न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात मी बावीस वर्षं काम केलं. टेबलापलीकडे बसलेल्या आईवडिलांनी बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा खर्च चारने गुणलेला असायचा. तुम्हीही तेच केलं असेल: ६६ चोक २६४, म्हणजे २ लाख ६४ हजार. हा हिशेब चुकतो, आणि नेहमी कमीच्या बाजूने चुकतो. खर्च दरवर्षी वाढतो, मेरिट स्कॉलरशिप मात्र सहसा पहिल्या वर्षी ठरते तेवढीच राहते. वाढ ४ टक्के धरा. ८८ हजारांची चार वर्षं ३ लाख ७४ हजारांच्या घरात जातात. त्यातून २२ हजार चार वेळा वजा केले की उरतात २ लाख ८६ हजार. रटगर्सचं असंच गणित मांडलं तर १ लाख ४१ हजार.

आता तुमच्या गाठीशी काय आहे ते बघा. ५२९ मधले ७० हजार, आणि दरमहा दीड हजार म्हणजे चार वर्षांत ७२ हजार. एकूण १ लाख ४२ हजार. रटगर्सचा खर्च तुम्ही एका डॉलरचंही कर्ज न काढता भागवू शकता. मी ज्या घरांचे कागद पाहिले त्यांत हे फार थोड्यांना साधायचं. ज्यांना साधायचं ती मुलं बाविसाव्या वर्षी मोकळ्या हातांनी बाहेर पडायची, कुठल्याही गावाला, कमी पगाराच्या पण मनाजोगत्या नोकरीला हो म्हणायची. तुम्ही हे तिच्यासाठी करून ठेवलंय आणि पत्रात त्याचा उल्लेख मात्र अपराध्यासारखा केलाय, याचं मला फार वाईट वाटलं.

बॉस्टनला लागणारे पैसे कुठून येतील? लेकीच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं ७,५००, म्हणजे चार वर्षांचे मिळून २७ हजार. तुमचे १ लाख ४२ हजार आणि हे २७ हजार धरूनही १ लाख १७ हजार कमी पडतात. आजवर ही खाच पेरेंट प्लस या आईवडिलांच्या नावावरच्या सरकारी कर्जाने बुजवली जायची, कारण उरलेला सगळा खर्च त्यातून काढता यायचा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने तो मार्ग अरुंद केला. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या आईवडिलांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार, एवढंच मिळेल. म्हणजे आणखी ५२ हजार खासगी कर्जाचे, तुमच्यापैकी कुणाच्या तरी को-साइनवर, म्हणजे जामिनावर. पेरेंट प्लसचा व्याजदर २०२५-२६ या वर्षासाठी ८.९४ टक्के होता, आणि रक्कम हाती पडण्याआधीच त्यातून चार टक्क्यांहून जास्त फी कापून घेतात. सगळं मिळून ९ टक्के धरलं आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर हप्ता महिन्याला जवळपास दीड हजार डॉलर. ती शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलं नाही.

दीड हजार! म्हणजे आज तुम्ही ओढूनताणून काढणार आहात तीच रक्कम, पण २०४० पर्यंत. यजमान तेव्हा ६६ वर्षांचे असतील. आणि 'धाकट्याचं नंतर बघू' मधलं 'नंतर' अवघ्या तीन वर्षांवर आहे. तो कॉलेजात जाईल तेव्हा ताई शेवटच्या वर्षाला असेल. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्साच्या, म्हणजे सरकारी मदतीसाठीच्या अर्जाच्या, हिशेबात आईवडिलांचा वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून ती सोय राहिलेली नाही.

फ्लॅटचंही ऐका. राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, पण दुसरं घर धरतात, मग ते कोथरूडला का असेना. विकलात तर तिकडे नफ्यावर १२.५ टक्के कर, शिवाय तुम्ही अनिवासी म्हणून खरेदीदार आधीच टीडीएस कापणार, मग अनिवासींचं एनआरओ खातं, सीएचं सर्टिफिकेट, आणि तोच नफा इथल्या रिटर्नमध्येही दाखवायचा. तिकडे भरलेल्या कराची इथे वजावट मिळते, पण २०२६ मधला तो नफा २०२८-२९ च्या फाफ्सात तुमचं उत्पन्न म्हणून फुगलेला दिसेल, नेमका तिच्या तिसऱ्या वर्षी. कागदपत्रांचं हे सगळं निस्तरता येईल. माझी खरी हरकत वेगळीच आहे. ते घर तुम्ही बहुधा म्हातारपणी निम्मं वर्ष तिकडे राहायला म्हणून घेतलं असेल. कॉलेजसाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कुणी देत नाही. ४०१के, म्हणजे निवृत्तीची बचत, आणि तो फ्लॅट यांना हात लावू नका, एवढं मी यजमानांना माझ्या वयाच्या अधिकाराने सांगते.

आता खासगी कॉलेजची बाजू, कारण ती खोटी नाही. लहान वर्ग, नावाने ओळखणारे प्राध्यापक, पहिल्या सेमिस्टरपासून मागे लागणारं करिअर ऑफिस, बॉस्टनमधल्या कंपन्यांत बसलेले माजी विद्यार्थी, हे सगळं तिथे मिळतं. प्रश्न एवढाच की त्याची किंमत १ लाख ४५ हजार डॉलर आहे का. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना निवडक कॉलेजांत प्रवेश मिळत होता पण जे कमी निवडक कॉलेजात गेले, अशा मुलांची पुढची कमाई त्यांनी तपासली. बहुतेकांच्या बाबतीत फरक पडला नव्हता. मुलगी जी असते ती दोन्हीकडे तीच असते, तिची चिकाटी तिच्याबरोबर जाते. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र फायदा झालेला दिसला, बहुधा घरून न मिळणाऱ्या ओळखी त्यांना कॉलेजने दिल्या म्हणून. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी आयव्ही लीगसह बारा अति-नामांकित विद्यापीठांबद्दल दाखवलं की तिथे गेल्याने सरासरी कमाई फारशी बदलत नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची आणि मोठ्या नावाच्या कंपनीत शिरण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्या लेकीला मिळालेलं कॉलेज त्या बारांत नाही.

तरी माझ्यावर विसंबू नका. शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्डवर दोन्ही कॉलेजांमधला मार्केटिंगचा कोर्स शोधा आणि पदवीनंतरच्या कमाईचा मीडियन, म्हणजे बरोबर मधला आकडा, बघा. कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत 'सरासरी पगार' असतो. वॉल स्ट्रीटवर गेलेली दहा मुलं ती सरासरी वर ओढतात. आणि 'इतके टक्के विद्यार्थ्यांना नोकरी' असं दिसलं की विचारा, किती जणांनी माहिती कळवली होती?

'तेरावी' या शब्दाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. तो शब्द एडिसन, साउथ ब्रन्सविक, पार्सिपनीच्या प्रत्येक शाळेत ऐकू येतो. सतरा वर्षांच्या पोरीला लाज वाटते की आपण कुठेच गेलो नाही. ती लाज खरी आहे, तिला हसू नका. पण यजमानांना एक विचारा. आपल्या वेळी महाराष्ट्रात कोणत्या कॉलेजचे पेढे वाटले जायचे? पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग, सगळी सरकारी! १९८३ नंतर वसंतदादांच्या काळात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली तेव्हा तिथे जाणाऱ्याला लोक हळूच विचारायचे, 'डोनेशन किती दिलं?' सरकारी सीट म्हणजे मुलगा हुशार, पैसे भरून घेतलेली सीट म्हणजे बापाची ऐपत. तेच आपण इथे आलो आणि उलटं मोजायला लागलो. दोन्ही मोजमापं तितकीच अपुरी आहेत. रटगर्स १७६६ सालचं आहे, या देशाच्याही आधीचं. न्यू ब्रन्सविकमध्येच जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय, राहवेला मर्क, न्यूअर्कला प्रुडेन्शियल, शेजारी न्यूअर्क-एलिझाबेथचं बंदर. औषध कंपन्या आणि बंदर जवळ, आणि तिथला सप्लाय चेनचा विभागही नावारूपाला आलेला. स्टेशनवरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी तासाभरात न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला नेते, त्यामुळे सेमिस्टर चालू असतानाही इंटर्नशिप करता येते. आणि ती शाळेतल्या मैत्रिणींसोबतच राहील असंही नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी ठरवलं तर चार वर्षांत जुनं माणूस भेटतही नाही.

आणि नेमकी इथेच तुमची धास्ती सुरू होते. अबोल मूल रटगर्समध्ये हरवू शकतं. मी हे नाकारणार नाही. पहिल्या वर्षाचे काही वर्ग शेकडो मुलांचे असतात. कॉलेज अ‍ॅव्हेन्यू, बुश, लिव्हिंग्स्टन, कुक-डग्लस अशा कॅम्पसांमध्ये मुलं बसने फिरत असतात, आणि बिझनेस स्कूल लिव्हिंग्स्टनला. तिथे कुणी बोलवायला येत नाही, आपणच दार वाजवावं लागतं. माझ्या ऑफिसात मोठ्या विद्यापीठातून पहिल्याच वर्षी परत आलेली मुलं यायची. त्यांतल्या बहुतेकांना अभ्यास जड गेलेला नसायचा. त्यांना सहा महिन्यांत एकही माणूस असा भेटला नव्हता जो त्यांना नावाने हाक मारील.

तेव्हा हरवू नये याची तजवीज आधीच करायची. पहिल्या सेमिस्टरला तिला एक क्रेडिटचा बर्न सेमिनार घ्यायला सांगा. थोडी मुलं आणि एक अनुभवी प्राध्यापक, परीक्षेचं ओझं नाही. त्या प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सला महिन्यातून एकदा जायचं, प्रश्न नसला तरी. डॉर्ममध्ये आवडीनुसार एकत्र राहणारे गट असतात, त्यांपैकी एकात नाव घालता येतं का बघा. क्लब एकच घ्यायचा, पण त्यात काम करायचं. आणि पहिलं वर्ष तिला डॉर्ममध्येच राहू द्या. एडिसनहून जाऊन-येऊन केलं तर बरेच पैसे वाचतील हे मला दिसतंय, तरीही सांगते. 'कुठेच गेलो नाही' या भावनेवर तोच उतारा आहे. दर शुक्रवारी डबा घेऊन तिच्या दारात जाऊ नका. बॉस्टनला गेली असती तर गेला नसतात, तेवढंच अंतर इथेही पाळा.

उलट बाजूही बघा. फक्त बिझनेसच्या कॉलेजात वर्षभरात तिला पुन्हा सायकॉलॉजी हवंसं वाटलं तर? कॉलेजच बदलावं लागेल, क्रेडिट्स वाया जातील, स्कॉलरशिप तिथेच राहील. रटगर्समध्ये शेजारच्या कॅम्पसवर जावं लागेल. सतराव्या वर्षी मत बदलणं हा दोष नाही, आणि तिने तर ते एका वर्षात एकदा बदललेलंच आहे. मार्केटिंगला सायकॉलॉजीची जोड द्यायची म्हटली तरी मोठं विद्यापीठ बरं. आणखी एक. पुढे एमबीए करावंसं वाटलं तर पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जालाही नव्या कायद्याने मर्यादा घातली आहे: वर्षाला २०,५००, एकूण १ लाख. कर्ज घेण्याची ताकद पदवीलाच संपवून टाकू नये.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते.

माझा मुलगा कॉलेजला गेला तेव्हा मी त्याच ऑफिसात बसून रोज दुसऱ्यांना हिशेब समजावत होते. घरी मात्र आम्ही त्याला काही सांगितलं नाही. त्याला हवं असलेलं महागडं खासगी कॉलेज त्याला दिलं, खासगी कर्जावर मी सही केली आणि चौसष्टाव्या वर्षापर्यंत फेडत राहिले. त्याचं शिक्षण चांगलं झालं, कॉलेजबद्दल तक्रार नाही. पण माझे मिस्टर आजारी पडले त्या वर्षी घरातले कागद आवरताना त्याला कर्जाची स्टेटमेंट्स सापडली. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, 'आई, तू मला तेव्हाच विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, हे आता मला कधीच कळणार नाही.' ज्या दडपणापासून आम्ही त्याला सतराव्या वर्षी वाचवलं, ते त्याच्या तिशीत दुप्पट होऊन आलं, आणि तोवर त्याच्या हातात काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

म्हणून या शनिवारी जेवणं झाली की टेबल आवरा आणि तिला शेजारी बसवा. यजमानांनाही. दोन कागदांवर दोन कॉलेजं, चार-चार वर्षं, वाढीसकट. ५२९ चं स्टेटमेंट दाखवा. दीड हजार कसे निघतात तेही दाखवा: गाडीचा हप्ता, आजी-आजोबांना पाठवता ते पैसे, सगळं. 'आम्ही तुझ्यासाठी किती करतो' हे वाक्य त्या संध्याकाळी तोंडातून काढू नका, ते आलं की हिशेब बंद होतो आणि उपकार सुरू होतात. 'आमच्याकडे १ लाख ४२ हजार आहेत. इतके आम्ही आनंदाने देऊ. याच्यावर लागतील ते कर्ज असेल, आणि त्यातलं तुझं किती, आमचं किती, हे असं,' एवढंच म्हणा. मग गप्प बसा. ती रडेल कदाचित, चिडेलही. मुलं याहून मोठं काही पेलू शकतात, हे मी बावीस वर्षांत पाहिलंय. आणि उत्तर लगेच मागू नका, तिला आठवडाभर द्या.

तेवढ्या वेळात तुम्ही एक काम करा. बॉस्टनच्या कॉलेजच्या एड ऑफिसला अपील लिहा. एक पान पुरे. त्यात आकडे हवेत, गहिवर नको: मुलीचा हा पहिला पसंतीक्रम आहे (असेल तरच लिहा), रटगर्सचा प्रस्ताव इतक्याचा आहे, आमची क्षमता इतकी आहे, धाकटा २०२९ मध्ये कॉलेजला जाणार, भारतातल्या आईवडिलांचा खर्च आमच्यावर आहे. गेल्या दोन वर्षांत उत्पन्न घटलं असेल, दवाखान्याचा मोठा खर्च झाला असेल, तर त्याचे कागद जोडा. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो, त्यामुळे हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. रटगर्सच्या पत्राची प्रत सोबत द्या. स्कॉलरशिप चारही वर्षं मिळणार का आणि त्यासाठी किती जीपीए (गुणांची सरासरी) राखावा लागतो, हे लेखी मागा. लेकीचं सरकारी कर्ज धरूनही खर्च भागायला त्यांना वर्षाला तीसेक हजारांनी खाली यावं लागेल. दोन-तीन हजार वाढवून दिले तर आभार मानून नाही म्हणा. दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. त्या जागेची वाट बघणारं दुसरं मूल वेटिंग लिस्टवर असतं.

ईमेल सोमवारी सकाळी पाठवा आणि दुपारी फोन करून ती पोचली का ते विचारा. फोन लेकीला करू द्या. अबोल आहे म्हणता ना, तिलाच करू द्या. तुम्ही शेजारी बसा.